आमच्या घरचा नेपाळ

एका वक्तृत्व स्पर्धेत मी आमच्या घरी जेवणाऱ्या माणसाच्या ताटावर विनोद केला आणि त्याबद्दल मला पहिलं बक्षीस मिळालं. तो माणूस तिसऱ्या रांगेत बसला होता. चल चल म्हणून आग्रह करून मीच त्याला नेलं होतं. माझ्या चुकांची यादी तशी लांबलचक आहे. अनोळखी लग्नात पोटभर जेवून, आहेर देऊन, मग वरमाईशी नातं शोधत बसण्यापर्यंत तिची मजल जाते. पण त्या बाकीच्या चुकांना अजाणतेपणाचा थोडा तरी आडोसा होता. ही चूक मी लिहून काढली, पाठ केली, आरशासमोर तिची तालीम केली आणि नवा सदरा घालून केली.

आम्ही तेव्हा बडोद्यात, दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली भांड्यांचं दुकान होतं. सकाळी नऊपासून तांब्यापितळेवर नावं घालायची टकटक सुरू व्हायची, ती दुपारी जेवणापुरती थांबायची. समोरच्या दारात कोकिलाबेन, त्यांच्या दारात कायम वाफाळता हांडवा नाहीतर वाफाळती बातमी. वर गच्ची, आणि गच्चीवर एक खोली. अण्णा, म्हणजे माझे वडील, छाणीकडच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, पण ओळख करून देताना ते स्वतःपासून कधी सुरुवात करायचे नाहीत. ते पणजोबांपासून सुरू करायचे. पणजोबा गायकवाडीत जकात नाक्यावर कारकून होते. "दादांनी दोरी खाली केली की गाडा हलायचा नाही, मग तो कोणाचा का असेना," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की आमच्या घराण्याने देशाला काय दिलं या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोक्यात एक दोरी असंच होतं. गल्लीतली इतर मराठी घरंही फार वेगळी नव्हती. कोणाचे आजोबा पागेत, कोणाचे खाजगीत, कोणाचे दप्तरात. संस्थान जाऊन जमाना झाला, मुंबई राज्य आलं आणि गेलं, गुजरात झाला, तरी संध्याकाळी ओट्यावर बसलेली ही मंडळी "आपलं नाणं वेगळं होतं, आपली रेल्वे वेगळी होती" असं म्हणायची आणि मग त्याच गुजरातमधल्या शेठच्या दुकानात उद्या कामावर वेळेवर जाता यावं म्हणून लवकर झोपायची.

गच्चीवरच्या खोलीत केशव राहायचा. काठमांडूशेजारच्या पाटणचा. कोकिलाबेन दीड वर्ष समजत होत्या की तो आपल्या उत्तर गुजरातमधल्या पाटणचा आहे, आणि तिथला असून याची गुजराती इतकी कच्ची कशी याचं त्यांना नवल वाटायचं. तो आणि मी अर्थशास्त्राच्या एकाच वर्गात होतो. फरक इतकाच की तो वर्गात अर्थशास्त्र शिकायचा. मराठी तो आईच्या स्वयंपाकघरात शिकला होता, त्यामुळे भाज्यांची आणि डाळींची नावं अगदी चोख, आणि क्रियापदं आईची. "मी येते," "मी बसते," असं तो गंभीरपणे म्हणायचा. आम्ही कोणी त्याला सुधारलं नाही. घरात फुकटची करमणूक होती, ती कोण घालवील? आईचं माहेर रत्नागिरीकडचं. बडोद्यात तिचा नवरा आणि लेक फुलक्यांना लागलेले, भात शेवटी ताकाबरोबर घासभर. केशव आला आणि पहिल्याच दिवशी तीनदा भात मागून घेतला. तेव्हापासून तो या घरात पाहुणा राहिला नाही. जेवायची वेळ झाली की आई पळीने जिन्याच्या लोखंडी कठड्यावर दोन ठोके द्यायची. वरून चपला वाजायच्या, केशव हात पुसत उतरायचा आणि आपल्या ठरलेल्या जागी, पिंपाच्या बाजूला, बसायचा.

त्याने आमच्या घरासाठी काय काय केलं याची मोजदाद तेव्हा कोणी ठेवली नव्हती, निदान मी नव्हती ठेवली. घासलेटचा दिवस आला की रेशनच्या दुकानासमोर डबा घेऊन केशव उभा राहायचा, कारण माझ्या पायात म्हणे गोळे येत. वैशाखात आई कैरीच्या गोड छुंद्याच्या बरण्या गच्चीवर उन्हात ठेवायची, त्या दिवसभर सावलीपासून सरकवत नेणं आणि संध्याकाळी फडकी बांधून आत घेणं हे काम केशवचं. आणि संख्याशास्त्र नावाचा जो राक्षस परीक्षेच्या दारात बसलेला होता, त्याच्या तोंडी मला न देण्याचं कामही केशवचंच. बदल्यात आम्ही त्याला काय देत होतो? आई दोन वेळचं जेवण द्यायची. मी त्याला माझी सोबत द्यायचो, आणि ती फार मोठी देणगी आहे अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी हिंदुस्थान आणि नेपाळ यांच्यातल्या व्यापाराच्या कराराची मुदत संपली, नवा करार जमेना, आणि सीमेवरची दोन सोडून बाकी सगळी नाकी बंद झाली. नेपाळला समुद्र नाही. मीठ, कापड, औषध, घासलेट, सगळं आपल्याकडून चढून जायचं. पेपरात आतल्या पानावर चार ओळी यायच्या. केशवला घरून पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागायचे. त्याच्या वडिलांचं पाटणला चहाचं लहानसं दुकान होतं, स्टोव्हवर चालणारं. हे मला ठाऊक होतं. स्टोव्हला घासलेट लागतं हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायला फार बुद्धी लागते असं नाही, पण तेवढीही मी खर्च केली नाही.

नेमका तेव्हाच आमच्या मराठी मंडळाने स्पर्धेचा विषय जाहीर केला: 'लहान राष्ट्र, मोठा शेजारी आणि व्यापार'. मंडळाचे चिटणीस दत्तोपंत म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. विषय ताजा असला की श्रोते येतात आणि श्रोते आले की चहा संपतो, असा त्यांचा अनुभव होता, म्हणून ते एक वर्ष ताजा आणि एक वर्ष शिळा विषय आलटून पालटून द्यायचे. हे वर्ष ताज्याचं. मी केशवकडे त्याची निळी वही मागितली. परीक्षेला हवी आहे म्हणालो. त्या वहीत त्याने आपल्या देशाच्या व्यापाराबद्दल दोन वर्षं जमवलेलं सगळं होतं: खाली काय येतं (वेलदोडे, आलं, ताग), वर काय जातं, रस्ते सगळे एकाच बाजूला का उतरतात, दुसऱ्या बाजूला हिमालय असल्यावर गिऱ्हाईक बदलणं म्हणजे काय असतं. एका पानावर त्याने लिहिलं होतं की विकणाऱ्याला वाटतं आपण देतो, आणि घेणाऱ्याकडून आपल्याला काय मिळतं ते तो मोजत नाही. मी ते पान जसंच्या तसं उतरवलं. सुरुवात उतरवली, मध्य उतरवला, एक म्हण नेपाळी होती तीसुद्धा कोकणातली म्हणून उतरवली. लहान राष्ट्राच्या परावलंबनावर बोलणारं माझं भाषण शंभर टक्के आयात मालावर उभं होतं, आणि त्यात मला काहीही विनोदी वाटलं नाही. विनोद कमी पडतोय असं मात्र वाटलं. म्हणून शेवटी एक मी स्वतः घातला.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत ओट्यावरची सगळी मंडळी, उपरणी, काठ्या, तपकीर. परीक्षक तिघे. एक झोपलेले, एक झोपेच्या तयारीत आणि एक बहिरे. मी बोललो, आणि माझ्या तोंडून केशवची वही बोलत असल्यामुळे चांगलंच बोललो. मग शेवटाला आलो, हात तिसऱ्या रांगेकडे केला आणि म्हणालो, "नेपाळ समजून घ्यायला काठमांडूला जायची गरज नाही, मंडळी. आमच्या गच्चीवर एक नेपाळ राहतो. दोन वेळा आमच्या आईच्या हातचं जेवतो. उद्या आईने ताट बंद केलं, तर तो काय कुंडीत भात पेरणार आहे?"

सभागृह कोसळलं. झोपलेले परीक्षक जागे झाले आणि जागं करणाऱ्याला त्यांनी सर्वांत जास्त गुण दिले. अण्णा पहिल्या रांगेतून मागे वळून लोकांना सांगत होते, "आमचा आहे." केशवही हसला. हे मी पुढे कित्येक वर्षं बचावासाठी वापरलं, की तोसुद्धा हसला होता. हल्ली टीव्हीवर रोज संध्याकाळी कोणीतरी तावातावाने एखाद्या लहान देशाला धडा शिकवत असतो, आमच्याशिवाय तुमची चूल पेटणार नाही असं बजावत असतो, आणि स्टुडिओत माणसं हसत असतात. मी आवाज बंद करतो. मला लगेच तिसरी रांग दिसते. तिथे हसणारा माणूस कसा हसत होता ते आता, या वयात, मला नीट दिसतं.

त्या संध्याकाळी आईने पळीचे दोन ठोके दिले. कोणी उतरलं नाही. तिने पुन्हा दिले. मग ती स्वतः वर गेली. तिच्या मागून मीही गेलो, हातात चषक घेऊन, कारण तो अजून कोणी नीट पाहिला नव्हता. केशव छुंद्याच्या बरण्यांना फडकी बांधत होता. खोलीत पुडीत चणे आणि शेवममरा, म्हणजे शेवचुरमुरे.

"केशवा, बरं नाही का रे?" आईने विचारलं.

"बरी आहे, आई." तो बरणीची गाठ मारत राहिला. "मी आता वरच खाते."

"का?"

"राग नाही. पण तुमच्याकडे पानावर बसले की ती सगळी माणसं हसतात असं ऐकू येणार. घास जाणार नाही."

आई सभेला आलेली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग चषकाकडे. खाली येऊन तिने मला भाषणाचा शेवट म्हणायला लावला. मी म्हटला. आरशासमोर केला होता तसा, हातवाऱ्यासकट.

"त्याच्या घरी दीड महिना स्टोव्ह पेटलेला नाही," आई म्हणाली. "बाप दुकान बंद करून बसलाय. आई वखारीतून भुसा आणून त्यावर शिजवते. प्रत्येक पत्र मला वाचून दाखवतो तो. तुला एकदा तरी विचारावंसं वाटलं?"

मी म्हणालो की भाषणात तसं म्हणायची पद्धत असते.

"ताट कोणाचं?" ती म्हणाली. "माझं. ते बंद करायची भाषा तू कोणाच्या परवानगीने केलीस? आता ऐक. तो खाली जेवायला येईपर्यंत तुझं पान मांडणार नाही. आंघोळीचं पाणी आणि पुढचं दार, ही दोन नाकी उघडी ठेवते. बाकी बंद."

अण्णांनी पेपर वर केला. "मी तटस्थ आहे," ते पेपरामागून म्हणाले. पणजोबांच्या दोरीचा त्यांनी त्या दिवशी उल्लेख केला नाही.

आईचं हे फार दिवस चालेल असं मला वाटलं नव्हतं. दोन दिवसांत तिचं मन विरघळेल असा हिशेब होता. शिवाय मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, एका पुरवठादाराने नाकं बंद केलं तर दुसरा गाठावा हे मला तोंडपाठ होतं. म्हणून मी पहिल्यांदा समोरच्या महासत्तेकडे गेलो. कोकिलाबेननी प्रेमाने थेपले वाढले, वर छुंदा, तोही आमच्याच घरून गेलेला. मोबदल्यात त्यांना आमच्या घरातलं सगळं हवं होतं: भांडण कशावरून, कोण काय म्हणालं, केशव रडला का. चार थेप्ल्यांत मी सगळी माहिती दिली. पुढल्या दिवशी गेलो तर दार अर्धंच उघडलं. "तमारां मम्मीए ना पाडी छे," त्या म्हणाल्या, म्हणजे आईने मनाई केली होती, आणि पुढे दिलासा म्हणून, "कप मळ्यो छे ने? एमां पाणी पीजो." चषकातून पाणी पिण्याचा सल्ला देऊन दार लागलं. दोन मोठ्या सत्तांमध्ये दुपारी गवार निवडता निवडता काय ठरतं ते लहान राष्ट्राला शेवटी कळतं.

मग स्वावलंबन. खंडेराव मार्केटमध्ये जाऊन मी दुधी आणला. दुधी कसा बघून घ्यावा हे मला माहीत नव्हतं, मोठा तो चांगला असा माझा सिद्धांत होता. भाजीवालीने माझं तोंड पाहिलं आणि बियाण्यासाठी ठेवलेला असावा असा एक मला दिला. आईने स्टोव्ह आणि एक पातेलं दिलं होतं, एवढी माणुसकी. तो दुधी मी दीड तास शिजवला. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. स्टोव्हमधलं घासलेट मात्र संपलं. त्यानंतर दोन दिवस मी न्यायमंदिराजवळ शेवउसळ खाल्ली, पोट बिघडवून घेतलं आणि संख्याशास्त्राची वही उघडून बसलो. ती माझ्याच अक्षरात होती आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. परीक्षा दोन आठवड्यांवर. वरच्या खोलीत तो राक्षस ज्याच्या ओळखीचा होता तो माणूस चणे खात अभ्यास करत होता. आई दोन्ही वेळा कठड्यावर ठोके द्यायची, तो उतरायचा नाही. पण रोज संध्याकाळी बरण्या मात्र आत घेतलेल्या असायच्या, फडकी घट्ट बांधून. आई वर जाऊन ते बघून यायची.

पाचव्या दिवशी घासलेटचा वार आला. आईने रेशनकार्ड आणि डबा माझ्यासमोर ठेवला. मी गोळ्यांबद्दल काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "पायात आले तर बसून सरक."

ऊन भाजत होतं. रांग वळून पुढच्या चौकापर्यंत गेलेली. डबे, बाटल्या, एका बाईकडे तर झाकणाची कळशी. माणसं उभी नव्हती, त्यांचे डबे उभे होते आणि माणसं सावलीत होती. ही पद्धत मला ठाऊक नव्हती, म्हणून मी ऐटीत एका विटेला आणि एका फुटक्या डब्याला ओलांडून पुढे जाऊन उभा राहिलो. सावलीतून बायका उठल्या. मी समजावून सांगू लागलो. मला वाटतं मी "वस्तुस्थिती अशी आहे की" अशी सुरुवात केली. एका मंजुळाबेननी माझ्या हातातला डबा निरखून पाहिला. त्याच्या कडीला केशवने निळी सुतळी गुंडाळलेली होती.

"आ तो केशवभाईनो डब्बो छे," त्या म्हणाल्या. "केशवभाई केम नथी आव्या? मांदा छे?"

आजारी नाही, अभ्यास आहे, असं मी सांगितलं. मग सगळ्यांनीच चौकशी केली. त्याच्या घरी घासलेट मिळायला लागलं का? आईची तब्येत कशी आहे? दुकान उघडलं? त्या रांगेतल्या प्रत्येकीला पाटणच्या त्या दुकानाची खबर होती. एकीने विचारलं की तू कोण. मी म्हणालो, तो आमच्याकडे राहतो. तिने ते मान्य केलं नसावं, कारण तिने शेजारणीला समजावून सांगितलं ते असं, की हा केशवभाईच्या घरचा आहे. केशवच्या नावाची वीट पाचव्या नंबरला नेहमी राखलेली असायची, तिथे त्यांनी मला उभं केलं. माझ्यामागे सात-आठ माणसं झाली आणि दुकानदाराने पिंप उलटं करून दाखवलं. संपलं. मागच्यांनी रिकामे डबे उचलले आणि ते चालू लागले. पुढच्या खेपेलाही असंच होऊ शकतं हे त्यांना पाठ होतं. मी भरलेला डबा घेऊन उभा होतो आणि पहिल्यांदाच मला भाषण सुचलं नाही.

घरी न थांबता मी थेट गच्चीवर गेलो. वाटेत मात्र सुचलं. तीन मुद्दे काढले: पश्चात्ताप, मैत्री, भविष्य. केशव बरण्या सावलीतून सरकवत होता. मी डबा त्याच्या दाराशी ठेवला आणि पहिला मुद्दा सुरू केला. त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या मुद्द्यावर त्याने माझ्या पँटकडे पाहिलं. घासलेट सांडून ती गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"झाकण घट्ट नाही लावलं," तो म्हणाला.

तिसरा मुद्दा तिथेच राहिला. "मला मिळालं नसतं," मी म्हणालो. "तुझ्या विटेवर मिळालं. माझ्या नावावर रिकामा डबा आला असता. मंजुळाबेननी तुझ्या आईची तब्येत विचारली. मला सांगता आली नाही."

त्याने बरणी खाली ठेवली. "त्या बाईंचा गुडघा दुखते," तो म्हणाला. "तू विचारायला पाहिजे होतं." मग डबा उचलून माझ्या हातात दिला. "हे आईचं आहे. खाली ने."

मी जिन्यापर्यंत पोचलो असेन तेवढ्यात खालून पळीचे दोन ठोके आले. मी वळून पाहिलं नाही, तेवढी अक्कल त्या पाच दिवसांत आली होती. माझ्या मागे चपला वाजल्या.

आईने पिंपाजवळचं पान मांडलं, मग अण्णांचं, आणि बऱ्याच वेळाने, भिंतीकडे तोंड करून, माझं. भात होता, चिंचगुळाची आमटी होती, कैरीची चटणी होती. केशवने पहिला घास खाली पाहून घेतला, दुसरा वर पाहून. तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा आईने पदराने तोंड पुसलं आणि गरम होतंय असं म्हणाली. अण्णांना वाटलं आता तटस्थता सोडायला हरकत नाही. "झालं ते झालं," ते म्हणाले, "पण काही म्हणा केशवराव, भाषण पोराने फक्कड केलं होतं."

केशवने आमटीचा भुरका घेतला, भात कालवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो, भाषण चांगलं होतं, मधूभाई," तो म्हणाला. "माझ्या वहीतलंच होतं. ताटाचं तेवढं तुझं होतं."